व्हिडिओप्रमाणे धरा

सव्वीस वर्षं मी फळ्यावर मुद्दाम चुका करत आले. नववीला बीजगणित शिकवायचं तर याहून चांगली युक्ती मला सापडली नाही. उदाहरण सोडवता सोडवता एखाद्या पायरीवर चिन्ह चुकवायचं, चेहरा अगदी साळसूद ठेवायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे लिहीत जायचं. मागे आधी शांतता, मग कुजबुज, मग कुणीतरी धीर करून "बाई, चुकलं!" म्हणून ओरडतं आणि त्याच्यामागून सगळा वर्ग. शिक्षकाला चुकताना पकडण्याइतका आनंद मुलांना कशातच होत नाही. पास होण्यातसुद्धा नाही. मग मी कपाळाला हात लावायचा, "अरे देवा, म्हातारी झाले रे मी" म्हणायचं, आणि पकडणाऱ्यालाच फळ्यापाशी बोलावून चूक दुरुस्त करायला लावायची. ती पायरी तो वर्ग जन्मात विसरत नाही.

या युक्तीला अट एकच, समोर वर्ग पाहिजे. ही अट इतकी उघड होती की ती कधी स्वतःला बजावून सांगावी लागेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

यंदा आमच्या शाळेत 'मिश्र अध्यापन प्रकल्प' आला. अर्धं शिकवणं मोबाइलवर, अर्धं वर्गात. मुलांनी घरी व्हिडिओ बघायचा, त्याच्याखालचे प्रश्न सोडवायचे. उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. वर्गात येऊन मग फक्त सराव आणि शंका. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, गणितासाठी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. "तुमच्यासारखं समीकरण दुसरं कोण शिकवतं हो!" म्हणाल्या. कौतुकाच्या आडून काम गळ्यात मारायचं ही त्यांची जुनी रीत, आणि कौतुक ऐकून विरघळायचं ही माझी.

आमचे हे औषधांच्या दुकानात असतात. त्यांना प्रकल्पाचं नाव सांगितलं तर म्हणाले, "मिश्रण ना? मग वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवून घे." पुढचे दोन महिने बाटली जागच्या जागी राहिली, हलले ती मीच.

व्हिडिओ शाळेच्या प्रयोगशाळेत काढायचे. खिडक्यांना जाड कागद चिकटवलेले, पंखा बंद, कारण त्याची घरघर आवाजात येते. समोर तिपाईवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे लग्नाचे व्हिडिओ काढण्यात उभी हयात घालवलेले एक गृहस्थ. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तरी सगळी शाळा म्हणते म्हणून मीही त्यांना शूटिंगकाकाच म्हणायचे. "बाई, नवरीसुद्धा इतकी अवघडत नाही हो," ते म्हणायचे. "जरा हसा. गणित असलं म्हणून काय झालं?"

मी हसायचे, बोलायला लागायचे आणि दुसऱ्याच मिनिटाला जीभ जड व्हायची. वर्गात कुठे थांबायचं, काय पुन्हा सांगायचं, केव्हा पुढे जायचं हे मी ठरवतच नाही. तिसऱ्या बाकावरच्या कपाळाची आठी ठरवते. त्या कॅमेऱ्याच्या काचेला आठी पडत नव्हती. मी एकच वाक्य तीन-तीनदा सांगत सुटायचे, नाहीतर दोन पायऱ्या गिळून पुढे पळायचे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न पडला, की मला गणित शिकवता येतं, का नुसते चेहरे वाचता येतात? आणि चेहरे काढून घेतले तर माझ्यापाशी उरतं काय? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो ठाण मांडूनच बसला. भाजी चिरताना, वह्या तपासताना, बसची वाट बघताना मी स्वतःशीच धडे पुटपुटायचे, आणि प्रत्येक वेळी ते आधीच्याहून वाईट वाटायचे.

पहिला व्हिडिओ तयार झाला तेव्हा मी तो चाळीस सेकंद पाहिला. आवाज माझ्या आत्याचा होता. हनुवटी सासूबाईंची होती, आणि ती माझ्याकडे कोणत्या वाटेने आली हे मला अजून कळलेलं नाही. मोबाइल उपडा ठेवला. त्यानंतर मी माझा एकही व्हिडिओ पाहिला नाही. "आपणच आपल्याला काय बघायचं!" असं हसून सांगत सुटले. खरं कारण वेगळं होतं. नीट पाहिलं तर आपल्याला येत नाही याची खात्रीच होईल, अशी मला भीती वाटत होती.

सहावा धडा कंसांचा होता. बारा वजा कंसात क्ष वजा तीन, बरोबर पाच. कंसाबाहेर उणे असलं की कंस सोडवताना आतली चिन्हं उलटतात, म्हणजे उणे तीनचं अधिक तीन होतं आणि क्ष येतो दहा. बहुतेक मुलं ते तीन उणेच ठेवतात आणि त्यांचा क्ष येतो चार. म्हणून या पायरीवर मी दर वर्षी ठरवून चुकते. त्या दिवशीही हात सवयीने गेला. उणे तीन तसंच ठेवलं, चार उत्तर काढलं, साळसूद चेहऱ्याने वळले आणि थांबले. खोलीत चिटपाखरू नव्हतं. शूटिंगकाकांनी कान खाजवला. शेवटी मीच "अरे देवा, म्हातारी झाले मी" म्हटलं आणि ताळा करून दाखवला, म्हणजे क्षच्या जागी चार घालून पाच येतात का ते पाहिलं. आले अकरा. मग चूक शोधली, दुरुस्त केली, दहा उत्तर काढलं. सगळं मिळून साडेनऊ मिनिटं झाली.

सहा मिनिटांच्या वर व्हिडिओ चालत नव्हता. "कुठून कापू?" काकांनी विचारलं. रिकाम्या खोलीत एकटीनेच केलेल्या त्या नाटकाची मला इतकी लाज वाटत होती की डोळ्यांपुढे दुसरं काही येतच नव्हतं.

"शेवटचा तो तमाशा काढून टाका," मी म्हणाले. "उत्तर आलं की संपवा."

काकांनी पहिलं उत्तर आल्यावर संपवलं. गणिताशी त्यांचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटलेला, त्यांचा काय दोष?

आठवड्याभराने प्रकल्पाच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. मी तेव्हा दहावीच्या वर्गावर चाचणीची देखरेख करत होते. पलीकडे एक कारकून होता, बोलायला अगदी सालस. "बाई, सहाव्या धड्याखालचे पाच प्रश्न आहेत ना, त्यांची तुमची उत्तरं व्हिडिओशी जुळत नाहीत. कोणतं धरायचं?"

उत्तरांचा तक्ता मी घरी संगणकावर टाइप केला होता. टाइप करताना उण्याचं अधिक माझ्याकडून याआधी दोनदा झालं होतं, आणि त्यावरून याच कार्यालयाने मला दोनदा ऐकवलंही होतं. मला वाटलं, पुन्हा माझंच बोट घसरलं असणार. व्हिडिओ चार माणसांच्या हातांखालून गेलेला. माझ्या बोटांपेक्षा तो खरा.

"व्हिडिओप्रमाणे धरा."

"मग पाचही उत्तरं आम्ही इथे त्याच पद्धतीने काढून घेतो."

"घ्या," मी म्हणाले, आणि शेजाऱ्याच्या कागदात डोकावणाऱ्या एका मुलाला उठवून उभं केलं.

हे प्रकरण आमच्या वर्गाला माझं आधीच फळ्यावर शिकवून झालं होतं. त्यामुळे तो व्हिडिओ आमच्या शाळेत एकाच मुलीसाठी होता. बाहेरच्या सोळा शाळा तो वापरणार होत्या ते वेगळं. या मुलीला वर्ग 'शंकाबाई' म्हणायचा. तास संपल्याची घंटा झाली की हिचा हात वर: "बाई, एक शंका." सगळा वर्ग कण्हायचा. माझ्या मुद्दाम केलेल्या चुका सगळ्यांत आधी हीच पकडायची, आणि पकडली की बाकावर उभी राहायची. सायकलवरून पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं, आणि अडीच महिने ती घरीच होती. प्रकल्प कुणासाठी आहे असं मला कुणी विचारलं असतं तर मी हिचंच नाव सांगितलं असतं.

कुणी किती वेळा काय पाहिलं हे शिक्षकाला दिसतं. सहाव्या धड्यापुढे तिच्या नावावर अकरा आकडा होता आणि पाचही प्रश्नांवर हिरवी खूण. मला भरूनच आलं. सोळा शाळांच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, "एका मुलीने अंथरुणात पडल्या पडल्या माझा धडा अकरा वेळा पाहिला आणि तिचे पाचही प्रश्न बरोबर आले." टाळ्या झाल्या. मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या देखत माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, की नाही, येतं मला. चेहऱ्यांवाचूनही येतं.

मग पूरक चाचणीचं पत्र आलं. इतके दिवस गैरहजर राहिलेल्या मुलांनी संगणकावर गणिताची वीस प्रश्नांची चाचणी द्यायची, प्रश्न प्रकल्पाच्या संचातलेच, उत्तरंही संगणकच तपासणार. वीसपैकी बारा बरोबर आले तर मूल दहावीत, नाही तर पुन्हा नववी. शंकाबाईची चाचणी सोमवारी सकाळी दहा वाजता, आमचे संगणकाचे सर यंत्र घेऊन तिच्या घरी जाणार. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिची तयारी घ्यायला गेले.

दुसऱ्या मजल्यावर एकच खोली. आई एका हॉटेलच्या धुलाई विभागात कामाला, दिवसभर चादरी आणि टॉवेल. बापाचा विषय त्या घरात निघत नाही. खिडकीशी लोखंडी खाट, खाटेवर ती, मांडीवर उशी, उशीवर वही. मोबाइल पाण्याच्या जगला रबराने बांधून उभा केलेला, म्हणजे हात मोकळे राहतात. काचेला एक लांब तडा होता आणि तो नेमका माझ्या तोंडावरून जात असणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आईने एकुलत्या एक खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला दिलं. "बाई, तुमच्या जिवावर चाललंय तिचं," ती म्हणाली आणि खाली दूध आणायला गेली.

सरावाच्या चाचणीत वीसपैकी चौदा आले होते. भूमितीत गाळण उडत होती, पण समीकरणांचे पाचच्या पाच. ते आधी उरकून टाकू म्हणून मी वहीत एक उदाहरण लिहिलं. तिने टकाटक सोडवलं. कंसाबाहेर उणे होतं, आत वजा चार होतं, आणि तिने ते वजा चार जसंच्या तसं खाली उतरवलं.

"घाई केलीस," मी म्हणाले. "ताळा कर."

"ताळा मी आता नाही करत, बाई."

"का गं?"

"ताळा केला की उत्तर चुकतं."

मी हसले. ती हसली नाही. मग तिने मला सगळं नीट सांगितलं, घाबरत घाबरत, जणू काही तिचाच गुन्हा होता.

"पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा मला वाटलं, तुम्ही मुद्दामच चुकवलंय, वर्गात चुकवता तसं. मी ओरडले पण, 'बाई, चुकलं!' आई मोरीतून धावत आली, तिला वाटलं मी पडले. मग मी वाट बघितली तुम्ही दुरुस्त करायची. तर व्हिडिओच संपला. मग मी माझ्या पद्धतीने पाच उत्तरं घातली, ताळा करून करून. पाचही लाल. म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हतंच चुकवलं. माझंच कुठेतरी चुकत होतं. मग पुन्हा बघितला. पुन्हा ताळा केला. तो जुळेचना. असं खूप वेळा केलं. मग म्हटलं, आपल्याला ताळाच येत नसेल. ताळा सोडून दिला आणि तुम्ही करता तसं केलं, तर सगळे हिरवे आले." ती थोडी थांबली. "दहा वेळा नाही कळलं, बाई. अकराव्या वेळी पटलं."

मी तो व्हिडिओ तिच्या मोबाइलवर, पहिल्यांदा, पूर्ण पाहिला. आत्याच्या आवाजात आणि सासूबाईंच्या हनुवटीने मी उणे तीन खाली उतरवलं, क्ष बरोबर चार लिहिलं, कॅमेऱ्याकडे वळले आणि समाधानाने गप्प झाले. तिथेच संपलं. मग तो सालस कारकून आठवला, आणि दहावीच्या वर्गात उभी राहून मी त्याला काय सांगितलं तेही आठवलं. त्या पोरीला यंत्र लाल दाखवत होतं तरी तिने दहा वेळा स्वतःची बाजू धरून ठेवली. मी तर एका फोनवर सोडून दिली होती.

तेवढ्यात आई दूध घेऊन आली. मी त्या दिवशी दोघींना काही सांगितलं नाही. "उरलेलं रविवारी बघू" म्हणाले आणि जिना उतरले. भित्री आहे मी, सांगून टाकते.

शुक्रवारी पहिल्या तासाच्या आधीच मी मोठ्या बाईंच्या खोलीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर कार्यालयाला फोन लावला. एकदा नाही, तीनदा. तीन वेळा तीन वेगळ्या माणसांनी एकच सांगितलं. प्रश्नसंच गोठवलेला आहे, मूल्यमापन समितीचं काम पूर्ण होईपर्यंत त्यातला एक आकडाही बदलता येणार नाही. दुरुस्तीचा अर्ज द्या, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेनंतर विचार होईल.

"मग तिची चाचणी पंधरा तारखेनंतर घ्या," मी मोठ्या बाईंना म्हणाले.

"निकाल याच महिन्याच्या तीस तारखेच्या आत गेले पाहिजेत."

"कागदावर घ्या. मी घेते, तुम्ही समोर बसा."

"कागदावरच्या चाचणीची नोंद कुठे करू, बाई? रकानाच नाही."

"तीन गुण वाढवून द्या."

"गुण यंत्र देतं. मी देते का?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आणि एक विचार करा. सोळा शाळांतून एक तक्रार नाही. एक्क्याण्णव टक्के मुलांना हिरवी खूण आहे. तुम्हीच आपण होऊन हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय?"

"एक्क्याण्णव टक्के हिरवं म्हणजे एक्क्याण्णव टक्के मुलं चुकीचं शिकली."

"मला काय कळत नाही का?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी पण गणिताचीच आहे. पण माझ्या हातात काय आहे ते तरी सांगा." त्यांनी खरोखरच दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. त्यांच्यावर रागवावं तर तेही जमेना. मी अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली. ती पोच घडी करून पर्समध्ये ठेवताना मला स्वतःची इतकी कीव आली की स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुवावं लागलं.

घरी यांना सांगितलं. हे नेहमी काहीतरी कोटी करतात, या वेळी केली नाही. "आमच्याकडे औषध चुकलं तर बाटल्या परत मागवतात," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी शंकाबाईच्या खोलीवर हजर. माझा एक बेत होता. समीकरणांचे पाच प्रश्न गेले तरी चालतील, बाकीच्या पंधरांतून बारा काढायचे. सरावात त्या पंधरांतले नऊ आले होते. तीनच तर हवे होते. अडीच तास मी भूमिती घेतली. कागद घडी घालून कोन दाखवले, चपलांच्या खोक्याचे पृष्ठभाग मोजायला लावले. तिला प्लास्टरखाली खाज सुटत होती, ती पट्टी आत घालून खाजवायची आणि पुन्हा वहीत मान घालायची. मग पुन्हा चाचणी घेतली. दहा. अर्धा तास आणखी घेऊन पुन्हा घेतली. दहा. अडीच महिन्यांचा वर्ग अडीच तासांत कसा भरून निघणार? तिचे डोळे थकून लाल झाले होते.

मग मी वही मिटली आणि सांगितलं. व्हिडिओ कसा कापला, फोनवर मी काय बोलले, सगळं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

शंकाबाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तिचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. अडीच महिन्यांत तिला कुणी एवढी चांगली बातमी दिली नसेल. "आई, ऐकलंस? माझा ताळा जुळत होता!" ती म्हणाली. प्लास्टर नसतं तर खाटेवर उभी राहिली असती. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला चांगली ओळखीची होती, मी उभा जन्म अशा आठ्यांवर काढलाय.

"बाई, पण मग उद्या? यंत्राला तर तेच हवं असेल ना, व्हिडिओतलं?"

"हो."

"मग मी उद्या काय लिहू?"

आई माझ्याकडे बघत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं उत्तर लिही म्हणावं तर दहा गुण आणि पुन्हा नववी. तिच्या वर्गातली सगळी मुलं पुढे, ही त्याच बाकावर मागे, आणि ते माझ्या एका तमाशापायी. खोटं लिही म्हणावं तर सव्वीस वर्षं मी त्या वर्गात नेमकं काय करत होते? बाहेर कुणाचं तरी कुकर शिट्ट्या देत होतं. यातून निघणारी तिसरी वाट मी तीन दिवस शोधली होती आणि ती नव्हती.

"व्हिडिओत आहे तसं लिही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. रागावली नाही, काही विचारलं नाही. नुसती वही पुन्हा उघडली. "मग एकदा करून घ्या ना, बाई. आता मला खरं कळलंय, तर उद्या हात चुकून बरोबरच जाईल."

म्हणून मी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि शिकवायला बसले. कंसाबाहेर उणे दिसलं की सगळी चिन्हं उलटायची नाहीत. पहिलं तेवढं बदलायचं, दुसरं तसंच खाली आणायचं. ताळ्याकडे बघायचंच नाही. पहिल्या उदाहरणात तिचा हात दोनदा खऱ्या उत्तराकडे गेला. मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं की ती कुठे अडतेय. तिथे थांबले, वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं, एक सोपं उदाहरण मध्ये घातलं, मग पुन्हा अवघडाकडे आले. तिसऱ्या उदाहरणाला तिची आठी गेली. चौथं तिने न अडखळता केलं. पाचवं करताना ती थोडी गुणगुणायला लागली होती. मग मी आणखी पाच घातली, उलटसुलट क्रमाने. पाचच्या पाच चुकीची आली, जशी हवी होती तशी.

आईने सगळ्या कपड्यांच्या घड्या घालून खाटेच्या पायथ्याशी रचून ठेवल्या होत्या. ती मला खालपर्यंत सोडायला आली. दारात तिने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"त्या व्हिडिओने एवढे दिवस घेतले, बाई," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून शिकवलंत, तर बघा, तासाभरात पक्कं झालं तिचं."